बोका कपाटावर, पिल्लू हॉलमध्ये : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच विषय परत परत दिसला. घरात आधीपासून मांजर आहे आणि आता कुत्र्याचं पिल्लू आणलंय किंवा आणायचंय. म्हणून यावेळी सगळी जागा याच प्रश्नांना देतेय, बाकीचे पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये राहतो. आमच्याकडे चार वर्षांचा बोका आहे, गुंड्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, कधी बिल्डिंगखाली पण गेलेला नाही. मुलीचा फार हट्ट होता म्हणून दोन महिन्यांचं लॅबचं पिल्लू आणलं. आणल्या आणल्या तिने त्याला गुंड्यासमोर ठेवलं, म्हटलं ओळख होऊ दे. पिल्लू थेट त्याच्या अंगावर धावलं, गुंड्या फिस्कारला आणि बेडरूमच्या कपाटावर जाऊन बसला तो दोन दिवस झाले नीट खाली येत नाहीये, कालपासून काही खाल्लं नाही, रात्री कधीतरी उतरून सोफ्यावर शू करून परत वर जातो. सासूबाई म्हणतात होईल आपोआप, गावाला कोण ओळखी करून देतं. मिस्टर म्हणतात पिल्लू परत देऊन टाकू. मला दोघंही हवेत. काय करू?

उत्तर : पिल्लाचं नंतर बोलू, आधी गुंड्याचं खाणं. मांजर २४ तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा आणि ४८ तासांपर्यंत तर जाऊच द्यायचं नाही, आणि तो जाडजूड असेल तर जास्तच घाई करा, कारण जाड मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते आणि ते जिवावर बेततं. दुसरं शू. सोफ्यावर मोठा ओला डाग आहे की नुसते थेंब थेंब आहेत ते नीट बघा. बोक्यांची लघवीची नळी अरुंद असते, टेन्शनमुळे मूत्राशयाला सूज येऊन ती तुंबू शकते. तो परत परत बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि काही येत नाहीये असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. हे मी घाबरवायला नाही सांगत, पण "रागावलाय म्हणून शू करतोय" असं म्हणून थांबलेले लोक मला माहीत आहेत आणि ते थांबणं फार महागात पडतं. मांजर बदला घ्यायला शू करत नाही. त्याचा लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूची पेटी, कुठे आहे? हॉलच्या बाल्कनीत किंवा बाथरूमच्या पॅसेजमध्ये असेल तर तिथे जायला त्याला पिल्लाच्या समोरून जावं लागतंय, म्हणून तो सोफा गाठतोय. आजच्या आज तो बॉक्स बेडरूममध्ये घ्या, निम्मी तक्रार तिथेच संपेल.

आता सासूबाईंचं. त्या बोलतात त्यात तथ्य आहे. गावाकडच्या घरात कुत्रं आणि मांजर दोन्ही असतात आणि कोणी काही शिकवत नाही, पण तिथे मांजराला माळा असतो, कौलं असतात, गोठा असतो, परसातलं झाड असतं. कुत्रं अंगावर आलं की ते वर चढतं आणि मन होईल तेव्हा खाली येतं, आणि कुत्रं बहुतेक वेळ अंगणात नाहीतर शेतावर. म्हणजे मांजराला पळायला जागा होती आणि कधी भेटायचं ते ते ठरवत होतं, म्हणून आपोआप व्हायचं. तुमच्या साडेचारशे स्क्वेअर फुटात ती जागा नाहीये. ती आपण तयार करायची. सगळ्या सल्ल्याचं सार हेच, मांजराला वर आणि आत जागा द्यायची, आणि सगळं ट्रेनिंग पिल्लाला द्यायचं. लोक उलटं करतात. मांजराला धरून आणतात, समजावतात, मांडीवर दाबून ठेवतात, आणि पिल्लू बिचारं लहान आहे म्हणून त्याला मोकळं सोडतात.

आणि मिस्टरांना सांगा, परत द्यायची वेळ अजिबात आलेली नाही. कुत्र्याच्या पिल्लाचं साधारण ३ ते १४ आठवडे हे वय असं असतं की त्यात जे बघितलं, हुंगलं, त्याला ते आयुष्यभर नॉर्मल समजतं. तुमचं पिल्लू नेमकं त्यात बसतंय. (आपल्याकडे २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, ज्यांना अजून आणायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, महिन्याचं पिल्लू देणाऱ्याकडून घेऊच नका.) आज ते पाच-सहा किलोचं आहे, वर्षाने तीस किलोच्या आसपास जाईल, तेव्हा मांजरामागे धावायची सवय मोडणं फार अवघड होतं.

तर पहिल्यापासून सुरू करा, जणू पिल्लू आज येतंय. बेडरूम गुंड्याची, दार बंद, आत त्याचा बॉक्स, पाणी, खाणं, अंथरूण, आणि कपाटावर तो बसतोय ना, तिथेच एक जुनी चादर घडी करून ठेवा आणि खाणंही तिथेच द्या. त्याला खाली ओढू नका. कपाटावर चढायला मध्ये एखादं स्टूल किंवा शेल्फ लावलं तर उतरायला धीर येईल. पिल्लू हॉलमध्ये, शक्यतो प्लेपेनमध्ये. ऑनलाइन लोखंडी जाळ्यांचे घड्या घालता येणारे प्लेपेन मिळतात, एवढ्या लहान घरात त्यावर खर्च करणं मला सगळ्यात पटतं, कारण ते उघडून हॉलच्या मध्ये पार्टिशनसारखं पण लावता येतं. खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी नसेल तर आधी जाळी बसवून घ्या, बाकी सगळं नंतर. घाबरलेलं मांजर कुठे उडी मारतं ते त्याला पण कळत नाही आणि वरच्या मजल्यावरून पडलेली मांजरं दवाखान्यात येतात त्यातली बरीच अशाच गोंधळात पडलेली असतात.

पहिले काही दिवस एकमेकांना बघायचंच नाही, फक्त वास. मांजराचं जग वासावर चालतं. एक स्वच्छ सुती कापड किंवा जुना मोजा गुंड्याच्या गालांवरून, हनुवटीखालून हळूच फिरवा, तिथे त्याच्या ग्रंथी असतात आणि ज्या गोष्टीला गाल घासतो ती गोष्ट तो आपली समजतो. ते कापड पिल्लाच्या अंथरुणाजवळ ठेवा. पिल्लाच्या अंगाचं कापड गुंड्याच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवा, त्याच्या खाण्याच्या भांड्याजवळ नको, लांब, त्याला जाऊन हुंगायचं असेल तर हुंगू दे. फिस्कारला तर काही बोलायचं नाही, उचलायचं नाही, उद्या परत नवीन कापड. ज्या दिवशी तो हुंगून सरळ निघून गेला आणि जाऊन खायला बसला त्या दिवशी पुढे जायचं.

मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. बंद दार, आत गुंड्या जेवतोय, बाहेर पिल्लू. भांडी आधी दारापासून लांब आणि रोज थोडी जवळ. दाराआडून खरखर, हुंगणं ऐकू येत असताना पण तो शांतपणे जेवतोय म्हणजे छान चाललंय. या काळात अदलाबदल पण करा, पिल्लू खाली फिरायला, नाहीतर लसी पूर्ण झाल्या नसतील तर कडेवर घेऊन जिन्यात वगैरे, आणि तेवढ्या वेळात गुंड्याला हॉल मोकळा. सगळीकडे हुंगत फिरेल, सोफ्याच्या कडेला गाल घासेल, हॉल अजून आपलाच आहे अशी त्याची खात्री होईल. ही पायरी लोक सोडतात आणि मग मांजर महिनोन् महिने बेडरूमच्या बाहेर येत नाही.

बघाबघी त्यानंतर. दारात जाळी किंवा प्लेपेनचा पॅनल लावा, पिल्लाला हार्नेस (छातीचा पट्टा) आणि लीश (दोरी), ते दमलेलं आणि पोट भरलेलं असताना. दोन-तीन मिनिटं फक्त. पिल्लाने मांजराकडे बघितलं आणि तुमच्या हाकेवर मान वळवून तुमच्याकडे बघितलं की लगेच तोंडात काहीतरी, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा किंवा पनीर. इथे खरं काम आहे. पिल्लाला "मांजर दिसलं की मालकिणीकडे बघायचं, खाऊ मिळतो" हे डोक्यात बसलं पाहिजे. त्यासाठी आधी मांजर नसताना नाव ओळखणं, "ये", "सोड", "बस" एवढं घरात रोज थोडं थोडं करून घ्या, मुलीला हे काम द्या, तिचा हट्ट होता ना, ती मनापासून करेल. पिल्लू टक लावून बघायला लागलं, अंग ताठ झालं, हाक ऐकू येईनाशी झाली, की ओरडू नका, नुसतं त्याला घेऊन लांब जा. मांजराजवळ असताना पिल्लाला ओरडा बसला तर त्याच्या डोक्यात मांजर म्हणजे वाईट काहीतरी असं बसतं. तसंच फिस्कारल्याबद्दल मांजराला कधीच रागवायचं नाही. फिस्कारणं म्हणजे तो "लांब राहा" सांगतोय, ते सांगायची सोय काढून घेतली तर पुढचं पाऊल थेट पंजा असतं.

अजून एक, दोघांच्या खुणा उलट्या असतात म्हणून गैरसमज होतात. पिल्लाची शेपूट जोरजोरात हलते तेव्हा ते उत्साहात असतं, मांजराची शेपूट सटासट हलते तेव्हा ते वैतागलेलं असतं. पिल्लू पुढचे पाय जमिनीवर टेकवून ढुंगण वर करतं ते "चल खेळू", मांजर पुढचा पंजा उचलतं ते "आता मारीन", आणि पिल्लाला तो उचललेला पंजा खेळायचं आमंत्रण वाटतो. गुंड्याचे कान मागे चपटे, बुबुळं मोठी काळी, अंग दबलेलं असं दिसलं की भेट संपवायची. आणि कान पुढे, शेपूट उभी, बसून तोंड वगैरे धुवायला लागला, तर ती तुमची शाबासकी.

मोकळं सोडायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा पण पिल्लाची लीश जमिनीवर लोळत ठेवायची म्हणजे पाय ठेवून थांबवता येतं. तुम्ही घरात नसताना दोघं वेगवेगळे, हे लॅब पूर्ण मोठा होऊन शांत होईपर्यंत चालू ठेवावं लागेल. किती दिवस लागतील असं सगळे विचारतात. कधी पंधरा दिवस, कधी दोन-तीन महिने, आणि लहानपणी कुत्रं न बघितलेल्या मांजराला जास्तच. मांजराचं ते शिकायचं वय फार लवकर, साधारण २ ते ७ आठवड्यांतच येऊन जातं, गुंड्याचं ते केव्हाच गेलं, म्हणून त्याच्याकडून पटकन काही अपेक्षा ठेवायला नको.

आणि पिल्लाला झोपू द्या हो. एवढं पिल्लू दिवसाचे १८-२० तास झोपायला हवं, घरात मुलं असली की त्याला झोपच मिळत नाही आणि मग झोप न झालेलं पिल्लू संध्याकाळी दिसेल त्याला चावत सुटतं, त्यात मांजर पहिलं सापडतं. निम्म्या घरांत संध्याकाळचा जो धिंगाणा असतो तो हट्टीपणा नसून झोपेचा आहे असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : आमची मांजर पाच वर्षांची आहे आणि आता शिह त्झूचं पिल्लू आणलंय. पिल्लू सारखं तिच्या मागे मागे करतं आणि ती त्याला फटका मारते. काल डोळ्याच्या अगदी बाजूला ओरखडा आला. सोडवायला गेला तर माझ्या मुलाच्या हातावर पण ओरखडा आलाय. मांजरीची नखं ऑपरेशन करून काढतात असं ऐकलंय, काढून घ्यावीत का? — नाशिक

उत्तर : आधी मुलाचं. ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, घरची मांजर आहे, लस दिलीये, तरी पण. रेबीजच्या इंजेक्शनचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, आपण घरी बसून ठरवायचं नाही. हळद, चुना, तिखट असलं काही जखमेवर लावू नका. काल झालंय आणि अजून गेला नसाल तर हे वाचून झाल्यावर लगेच जा.

नखांचं ऑपरेशन अजिबात नाही. त्यात नुसतं नख निघत नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापतात. मांजराचे पाय त्यानंतर आयुष्यभर दुखू शकतात, स्वतःला वाचवू शकत नाही म्हणून ते जास्त घाबरू शकतं आणि चावायला लागू शकतं, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम वाढेल. त्यापेक्षा नखांची फक्त टोकं कापा, दोन-तीन आठवड्यांनी एकदा, पंजा हलका दाबला की नख बाहेर येतं, आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते म्हणून तो सोडून पुढचं पांढरं टोक कापायचं. एकदा डॉक्टरांकडून शिकून घ्या.

शिह त्झू, पग असल्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे डोळे बाहेर आलेले असतात, त्यांना मांजराचा पंजा लागला तर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला (कॉर्नियाला) जखम होते. पिल्लू डोळा मिटून घेतंय, पाणी येतंय, पंजाने चोळतंय असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, घरातले ड्रॉप्स घालू नका, काही ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड असतं आणि जखम असताना ते घातलं तर डोळा जातो.

नखं आत ठेवून मारलेली थप्पड मात्र चांगली असते, मांजर शिकवतेय पिल्लाला, शिकवू दे. पिल्लू थांबलं, मागे सरकलं तर विषय संपला. पण पिल्लू थप्पड खाऊन पण परत परत जातंय आणि मांजरीला कोपऱ्यात अडकवतंय तर ते शिकणं संपलंय, तिथे तुम्ही मध्ये पडायचं, हात घालून नाही, मुलाला पण सांगा, उशी मध्ये सरकवा नाहीतर जाड टॉवेल टाका. मांजरीला पिल्लू पोचणार नाही अशा तीन-चार उंच जागा द्या. खिडकीजवळचं शेल्फ, फ्रिजवर एक मॅट, शोकेसचा वरचा कप्पा रिकामा. एकीकडून दुसरीकडे जमिनीवर न उतरता जाता आलं तर फारच छान. आणि तिच्या मागे लागायला पिल्लाला वेळच मिळू नये इतकं त्याला दुसरं काम द्या, चावायला खेळणी, दिवसातून दोन-तीनदा पाच पाच मिनिटं ट्रेनिंग.

प्रश्न : पावसात सोसायटीच्या गेटपाशी कुडकुडत असलेलं पिल्लू घरी घेऊन आलो. दीड-दोन महिन्यांचं असेल. अंगावर गोचिडी आणि पिसवा भरपूर. पेट शॉपवाल्याने मानेवर सोडायचे ड्रॉप्स दिले, आणि म्हणाला मांजरीला पण थोडे कमी करून सोडा, नाहीतर तिच्या अंगावर जातील. मांजर दोन वर्षांची आहे. सोडू का? — पुणे

उत्तर : नाही. थांबा. कमी करून पण नाही, एक थेंब पण नाही. कुत्र्यांच्या गोचिडीच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजरीचं लिव्हर ते पचवू शकत नाही. अंग थरथरायला लागतं, लाळ गळते, झटके येतात, मांजर दगावते. बॉक्सवरचं बारीक अक्षर वाचा, पर्मेथ्रिन लिहिलं असेल तर ते या घरात कुत्र्याला पण वापरू नका, कारण उद्या दोघांची मैत्री झाली आणि मांजरीने त्याची मान चाटली तर तेच. गोचिडीसाठी पाण्यात घालून अंघोळ घालायचं अमिट्राझ असतं ते पण मांजरीसाठी वाईट. एवढ्या लहान पिल्लाला काय चालतं ते वजन करून डॉक्टरच सांगतील, आणि घरात मांजर आहे हे त्यांना न विसरता सांगा. तोपर्यंत गोचिडी चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढा, हातमोजे घालून, आणि साबणाच्या पाण्यात टाका. चुकून मांजरीला लागलंच असेल तर कोमट पाणी आणि साध्या भांडी घासायच्या लिक्विडने लगेच धुवा आणि धावत दवाखाना.

ओळखीचं मात्र आत्ता नावच काढू नका. रस्त्यावरच्या पिल्लाच्या अंगात पार्वो किंवा डिस्टेंपर असले जीवघेणे व्हायरसचे आजार असू शकतात आणि दिसायला काही दिवस जातात. दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, तुम्ही पिल्लाला हात लावला की हात धुवून कपडे बदलून मग मांजरीकडे. पार्वोचे आताचे काही प्रकार मांजरांना पण होऊ शकतात म्हणून मांजरीची तीन आजारांची जी एकत्र लस असते ती झाली आहे का बघा, बुस्टर राहिला असेल तर घेऊन टाका. पिल्लाचं जंताचं औषध आणि लसी डॉक्टर सुरू करतील, रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. तोपर्यंत ते चावलं, खरचटलं, दात लागले, तर वरच्या उत्तरात सांगितलं तेच, धुवायचं आणि डॉक्टर. पिसवांतून दोघांना टेपवर्म होतो म्हणून मांजरीला पण जंताचं औषध द्यावं लागेल, तिच्या वजनाप्रमाणे वेगळं.

तुम्ही त्याला पावसातून उचललंत हे फार चांगलं केलंत. ही देशी पिल्लं हुशार असतात, मांजरीबरोबर राहायला पटकन शिकतात.

प्रश्न : भावाने लातूरकडून कारवानीचं पिल्लू आणून दिलंय. घरात दोन मांजरी आहेत. सगळे म्हणतात कारवानी आणि मांजर जमत नाही. खरं आहे का?

उत्तर : खोटं नाही, आणि मी तुम्हाला गोड बोलून आशा लावणार नाही. कारवानी, मुधोळ ही कुत्री डोळ्याने सावज टिपून त्यामागे सुसाट धावण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवडलेली आहेत. माळरानावरचा ससा आणि हॉलमधून पळणारी मांजर यात त्याच्या डोळ्याला फार फरक नाही. ही चूक त्याची नाही. पिल्लू लहान आहे म्हणून चान्स आहे, मांजरींबरोबर वाढलेले असे हाउंड (शिकारी कुत्रे) घरातल्या घरात त्यांच्या शेजारी लोळत पडलेले असतात. पण घरात लोळणारा तोच कुत्रा अंगणात त्याच मांजरीला पळताना बघून दुसरा होतो, हे विसरायचं नाही.

म्हणून तुमच्यासाठी नियम कडक. डोंबिवलीच्या उत्तरातलं सगळं करा पण दुप्पट सावकाश. धावायचे, पाठलागाचे खेळ घरात बंद, ते मोकळ्या कुंपणाच्या मैदानात रोज भरपूर द्या, कारवानीला धावणं नाही मिळालं तर तो घरात धावणार. वर्षभराचा झाल्यावर परत एकदा सगळं तपासा, कारण शिकारीची ओढ वयात येताना वाढते. बास्केटसारखं तोंडाला लावायचं मझल लहानपणापासून खाऊ देऊन सवयीचं करा, लाज वाटायचं कारण नाही. आणि त्याला मांजरींबरोबर एकटं कधीच सोडायचं नाही, तो दहा वर्षांचा झाला तरी नाही. हे जमणार नसेल, घरात दिवसभर कोणी नसेल, तर भावाला आत्ताच सांगा, पिल्लू तीन महिन्यांचं असताना दुसरं चांगलं घर मिळतं, दीड वर्षाने एक मांजर गेल्यावर कोणाचंच भलं होत नाही.

प्रश्न : आमचं पिल्लू येऊन चार महिने झाले. भांडण नाही काही नाही, पण मांजर त्याच्याकडे बघत पण नाही. तो हॉलमध्ये असला की ती शोकेसवर, तो झोपला की ती खाली. लोकांच्या फोटोत कशी एकमेकांच्या अंगावर झोपलेली असतात! आमचं काही चुकतंय का? — ठाणे

उत्तर : काहीच चुकत नाहीये, तुमचं मस्त जमलंय. ती खातेय, बॉक्स वापरतेय, अंग साफ ठेवतेय, तो झोपल्यावर बिनधास्त खाली उतरतेय, म्हणजे तिने घराचं टाइमटेबल बसवलंय. मैत्री झाली तर आनंद, नाही झाली तर दोन वेगळे प्राणी एका घरात न घाबरता राहतायत हे पुरे आहे. फोटोसाठी जवळ आणून ठेवू नका. फक्त तुम्ही रोज दहा-पंधरा मिनिटं पिल्लू दुसऱ्या खोलीत ठेवून तिच्या एकटीशी खेळा, काठीला दोरी आणि पिस वगैरे घेऊन, पिल्लू आल्यावर आपण नकळत मांजरीचा वेळ काढून घेतो.

प्रश्न : माझी मांजर १४ वर्षांची आहे, किडनीचं औषध चालू आहे. आई-बाबा घरी एकटे असतात त्यांना सोबत म्हणून पिल्लू आणावं असं वाटतंय. दिवाळीत आणलं तर सगळे घरी असतात. करू का? — सांगली

उत्तर : माझं मत विचाराल तर आत्ता नको. १४ वर्षांच्या, किडनीच्या मांजरीला भरपूर पाणी, वेळेवर खाणं आणि शांतता लागते, पिल्लू आलं की या तिन्हींना धक्का लागतो आणि टेन्शनने तिने दोन दिवस जरी खाणं सोडलं तरी तब्येत घसरेल. तिचे उरलेले दिवस तिला निवांत जाऊ द्या. आई-बाबांना सोबतीचा प्रश्न खरा आहे, पण पिल्लामागे धावणं, शू पुसणं, रात्री उठणं त्यांना झेपेल का ते पण त्यांना विचारा. नंतर आणायचंच झालं तर तीन-चार वर्षांचा शांत, मांजरांबरोबर राहिलेला कुत्रा एखाद्या फॉस्टर घरातून, म्हणजे प्राणी तात्पुरते सांभाळणाऱ्यांकडून, घ्या, त्याचा स्वभाव आधी बघता तरी येतो.

आणि दिवाळी तर नकोच, कोणीही. फटाक्यांनी मांजर आधीच पलंगाखाली, घरात पाहुणे, दारं उघडी, त्यात आयुष्यात पहिल्यांदा घर सोडून आलेलं पिल्लू. दिवाळी झाल्यावर एखादा साधा आठवडा बघा जेव्हा घरात कोणीतरी सलग सुट्टीवर आहे.

प्रश्न : पिल्लू मांजरीच्या लिटर बॉक्समधलं खातं!! आणि तिचं जेवण पण संपवतं. आता तिला पण त्याचंच डॉगफूड घातलं तर चालेल का? म्हणजे भांडणच नको. — कोल्हापूर

उत्तर : बॉक्समधलं खाणं किळसवाणं आहे पण पिल्लांमध्ये नेहमीचं आहे, मांजरीच्या खाण्यात प्रोटीन आणि फॅट जास्त असतं म्हणून त्याचा वास त्यांना आवडतो. त्यातून जंत होतात आणि लिटरचे खडे पोटात गेले तर अडकू शकतात, म्हणून बॉक्स अशा जागी ठेवा जिथे फक्त मांजर जाईल. दाराला साखळी लावून चार बोटांची फट ठेवा किंवा प्लेपेनच्या आत ठेवा, ती उडी मारून जाईल. वरून झाकण असलेल्या बॉक्समध्ये मांजर अडकू शकते आणि पिल्लू दारात उभं राहिलं तर तिला बाहेर पडता येत नाही, म्हणून या घरात तो मला नको वाटतो. दिवसातून दोनदा साफ करा, वेळच मिळणार नाही त्याला.

डॉगफूड मांजरीला रोजचं म्हणून चालत नाही. तिला टॉरीन नावाचं पोषकद्रव्य बाहेरून खाण्यातूनच लागतं, कुत्र्याचं शरीर ते स्वतः बनवतं म्हणून डॉगफूडमध्ये ते तिला पुरेल एवढं नसतं, महिनोन् महिने कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. आणि त्याला कॅटफूड रोज मिळालं तर जुलाब आणि जाडी. तिचं भांडं ओट्यावर किंवा उंच शेल्फवर ठेवा, दिवसभर भरून ठेवू नका, ठरलेल्या वेळी द्या आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उचला. ती वर जेवत असताना खाली पिल्लाला पण त्याचं भांडं द्या, बसवून, एक जण जवळ उभं राहून. पाण्याचं भांडं मात्र दोन वेगळ्या ठिकाणी, मांजरीचं तिच्या जेवणापासून थोडं लांब, नाहीतर ती पाणी कमी पिते.